ठिपका बसेपर्यंत

उजवा हात कोपरात वाकवलेला, तळवा समोरच्याकडे, आणि नजर मोजपट्टीवर. आपल्याकडे न पाहताच ते म्हणत, "थांबा. अजून बसला न्हाई."

एवढ्यावर ते संपत नाहीत. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. नाव देत नाही. महाविद्यालयात सर्वजण त्यांना मामा म्हणत. मीही म्हणत असे. पदनाम प्रयोगशाळा परिचर. शिक्षण आठवी. गाव नेवाशाहून दोन कोसांवर, घर अगदी रस्त्याला लागून. आपणही आपापल्या शाळा-कॉलेजांत अशी माणसे पाहिली असतील. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात, आणि वार्षिक अंकातल्या छायाचित्रात ती मागच्या रांगेत, अर्धी झाकलेली असतात.

बसायचा असे तो प्रकाशाचा ठिपका. हे थोडे समजावून सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

अतिशय लहान विद्युत्प्रवाह मोजण्यासाठी आमच्याकडे आरशाचा गॅल्व्हानोमीटर होता. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक तारेचे एक वेटोळे टांगलेले असते. टांगायला धातूची पट्टी, केसाइतकी बारीक. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते वळू पाहते. पट्टीला पीळ बसतो आणि ती त्याला मागे ओढते. दोघांचे जिथे जुळते तिथे वेटोळे थांबते. त्याच्यावर नखाएवढा आरसा चिकटवलेला. आरशावर दिव्याचा झोत टाकला की त्याचा ठिपका मीटरभर दूरच्या मोजपट्टीवर पडतो. वेटोळे जेमतेम वळले तरी ठिपका बोटभर सरकतो.

पट्टी जितकी बारीक तितका तिचा विरोध कमी, आणि तितके यंत्र अधिक संवेदनशील. परंतु असे यंत्र चटकन स्थिर होत नाही. ठिपका डावीकडे-उजवीकडे झोके घेत राहतो. घाईने वाचलेला आकडा झोक्याचा असतो, प्रवाहाचा नसतो. पाठ्यपुस्तकात यावर दोन ओळी होत्या. मामा हात वर करीत.

संवेदनशीलता हा शब्द ते वापरत नसत. "त्या काट्याच्या मीटरला कमी कळतं सर. ह्याला लई कळतं. म्हनून ह्याला येळ द्यायचा."

मी रुजू झालो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी मुलांसमोर मोजपट्टी वाचली आणि आकडा उच्चारणार तोच बाजूने तळवा वर आला. "थांबा सर." मुले हसली. तास संपल्यावर मी त्यांना बाहेर बोलावले.

"विद्यार्थ्यांसमोर मला थांबवायचे नाही."

"बरं सर."

दुसऱ्या दिवशीही हात वर आलाच. फक्त तो टेबलाच्या कडेखाली होता, मला दिसेल आणि मुलांना दिसणार नाही असा. त्याबद्दल रागावण्यासारखे काही मला सापडले नाही. आदल्या दिवशीचा माझा आकडा अकरा घरांनी चुकला होता, हे मी दरम्यान एकट्याने तपासून घेतले होते.

थांबण्याचीही त्यांची एक रीत होती. ते ओठ न हलवता विसापर्यंत मोजत. भिंतीवर घड्याळ होते. ते वापरत नसत. "घड्याळाकडं बघितलं की ठिपक्याकडं ध्यान ऱ्हात न्हाई." वीस झाले की पुन्हा पाहत. बसला असेल तर हात खाली. नसेल तर पुन्हा एकपासून.

महाविद्यालयासमोरून साखर कारखान्याचा रस्ता जातो. प्रात्यक्षिक परीक्षा आणि गळीत हंगाम नेमके एकाच वेळी येत. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर फाटकाजवळ आला की अंधारखोलीतला ठिपका थरथरू लागे, आवाज कानावर येण्याआधी. आम्ही यंत्राखाली जाड फरशी घातली, फरशीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. थोडा फरक पडला. मामा अंधारातून म्हणत, "आला बघा. भरलेला हाय." रिकामा परतणारा ट्रॅक्टर ठिपक्याला वेगळा हलवतो, असा त्यांचा दावा होता. मी एकदा खिडकीत उभा राहून लागोपाठ नऊ ट्रॅक्टर तपासले. आठ बरोबर निघाले.

"आणि नववा?" मी विचारले.

"अर्धा भरला आसंल."

मी बाहेर पाहिले होते. तो अर्धाच भरलेला होता. हे मी त्यांना सांगितले नाही.

प्रवाहाने हललेला ठिपका आणि ट्रॅक्टरने हललेला ठिपका यांत फरक करण्याची पद्धत जुनी आहे. किल्लीची, म्हणजे खटक्याची, दिशा बदलून प्रवाह उलटा सोडायचा. ठिपका आधी उजवीकडे गेला असेल तर आता तो तितकाच डावीकडे गेला पाहिजे. मुले हे टाळत, कारण त्यात दुप्पट वेळ जातो. मामा प्रत्येक टेबलामागे जाऊन उभे राहत.

"उलटी घेतली का?"

"मामा, सुलटी बरोबर आलीय की."

"सुलटी ट्रॅक्टरलाबी येती. उलटी घ्या."

दोन्ही वेळा ठिपका एकाच अंगाला पळाला, तर तो प्रवाह नव्हे, दुसरेच काहीतरी आहे. हे शिकवायला मी दोन तास घेत असे.

शून्य लिहिलेले त्यांना खपत नसे. एका तुकडीने तांब्याची आणि लोखंडाची तार एकमेकींत पिळून काट्याच्या साध्या मीटरला जोडली होती. असा पीळ गरम केला की तारांत किंचित प्रवाह निर्माण होतो. मुलांनी तो नुसता बोटांच्या चिमटीत धरला. काटा हलला नाही. त्यांनी वहीत लिहिले: प्रवाह नाही. मामांनी त्याच तारा आरशाच्या यंत्राला जोडल्या आणि एका विद्यार्थिनीला म्हणाले, "आता धरा ताई." ठिपका हळूहळू निघाला, आणि वीस-बावीस घरांवर जाऊन बसला. तिने बोटे काढली. तो माघारी निघाला.

"तुमच्या बोटाची ऊब हाय ती," मामा म्हणाले. "करंट मगाशीबी हुता. त्या मीटरला कळला न्हाई. न्हाई म्हनून लिहू नका. आमाला कळला न्हाई, आसं लिव्हा."

मी त्या तुकडीच्या वह्यांत तसेच लिहून घेतले. बाह्य परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली. ती रेघ चुकीची होती.

टांगलेली पट्टी तुटली की ती मामाच बदलत. त्या दिवशी ते तंबाखूला हात लावत नसत. पंखे बंद, खिडक्या बंद, दाराला आतून कडी. यंत्र एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे असेल तर आधी त्याची दोन्ही टोके जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडत. म्हणजे वेटोळे आत फार हेलकावत नाही. मग ते छातीशी धरून व्हरांड्यातून असे चालत की समोरून येणारे प्राचार्यही भिंतीला लागून उभे राहत. एकदा एका नव्या शिक्षकाने हसून विचारले, "मामा, बाळ झोपलंय काय?"

"व्हय. उठवलं तर तुमच्याकडंच देईन," मामा न थांबता म्हणाले.

एकदा त्यांनी हौसेने फारच बारीक पट्टी घातली. ते यंत्र बसेचना. मी दारात उभा राहिलो तरी ठिपका हलू लागे. शेजारच्या वर्गात बाक सरकला की तो मोजपट्टी सोडून भिंतीवर. तीन दिवस त्यांनी मनधरणी केली. चौथ्या दिवशी जुनी जाड पट्टी परत चढवली.

"लई कळाया लागलं हुतं त्याला," ते म्हणाले. "आसं कळून कामाचं न्हाई सर. दिवसभर नुसतं हलतंच ऱ्हायचं."

एका परीक्षेची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वेळी मी विभागप्रमुख होतो. एका विद्यार्थिनीने ठिपका स्थिर होण्याची वाट न पाहता आकडे लिहिले. सगळे आकडे सूत्रात चोख बसत होते. इतके चोख आकडे आमच्या यंत्रातून कधी येत नसत. मी तिला विचारले. तिने कबूल केले. मी तिच्या वहीवर सही केली नाही. तिचे वर्ष गेले. मामा संध्याकाळी कपाटे लावताना म्हणाले,

"पोरगी घाबरली हुती सर. तिचाच हात कापत हुता. टेबल हलायचं, मग ठिपका कसा बसंल?"

"म्हणून मनचा आकडा लिहायचा?"

"न्हाई. आलं तेच लिहायचं. ते खरंच हाय." त्यांनी कुलूप ओढून पाहिले. "पर कुनीतरी तिला थांबा म्हनाया पायजे हुतं."

त्या दिवशी ते दुसऱ्या तुकडीवर होते. तिच्या टेबलामागे मी होतो. निर्णय मी बदलला नाही. तो बरोबर होता असे मी आजही मानतो. ती मुलगी पुढे परत आली नाही.

मी निवृत्त झालो. काही वर्षांनी तेही झाले. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते बसने नेवाशाला, माझ्या घरी येत. अर्धा तास बसत. चहा घेत. बोलणे थोडे होई. प्रयोगशाळेत आता आकडेच दाखवणारी मीटरे आली होती आणि आरशाची यंत्रे कपाटात गेली होती. एकदा महाविद्यालयात नवे मीटर पाहून ते थेट माझ्याकडे आले.

"लगेच आकडा देतं सर. थांबायचं कायच न्हाई."

"मग चांगले आहे."

"चांगलंच हाय." त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "पर शेवटचा आकडा सारखा नाचतोय. सात, आठ, सात, आठ. म्हंजी ह्याचाबी बसला न्हाईच की." आणि मोठ्याने हसले. त्यांना इतके हसताना मी तेवढे एकदाच पाहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते अंगणात तोंड धुताना कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नगरच्या रुग्णालयात सतरा दिवस ठेवले. नंतर डॉक्टरांनी सांगितले, आता घरी न्या. डोळे उघडत, पण ते काय पाहत आहेत ते समजत नसे. अन्न नळीने. उजव्या हाताचे पहिले बोट तेवढे मधूनमधून हले.

मी भेटायला गेलो. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीखाली खाट होती. भिंतीतल्या फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढे वाटीत फुले. पाच-सहा नातेवाईक बसलेले. मामांचा पुतण्या फोनवर बोलत होता. पुतण्या तसा चांगला आहे. रुग्णालयाची सगळी धावपळ त्यानेच केली होती. तो म्हणत होता, "मांडवाला कापड चाललं. आता पाऊस न्हाई, पत्रे कशाला?" मामांचे डोके त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

"बाहेर जाऊन बोला," मी म्हणालो.

"त्यास्नी आता काय कळतंय सर," तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे. त्याला तसे सांगण्यात आले होते.

निघालो तेव्हा मामांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी नोकरी केली, बोलणे स्पष्ट.

"सर, डॉक्टर म्हनले, रिस्पॉन्स न्हाई."

"हो. मला कळले."

"बॅटरी मारली डोळ्यात, चिमटा काढला, हात हलवा म्हनले, आन् चालले. यवढाबी येळ थांबले न्हाईत." त्यांनी चुटकी वाजवली. "ह्यांनी मला जलमभर थांबा थांबा म्हनून छळलं. मीठ कमी झालं का म्हनून इचारलं, तरी घास गिळूस्तोवर हात वर. आन् ह्यांच्यासाठीच कुनी थांबना."

त्यांनी फाटकाला हात टेकला.

"तुमी मोजायचं मानूस हाय. मला यवढंच सांगा. ह्यास्नी कळतं का?"

"ते माझे क्षेत्र नाही, वहिनी."

"आवो, कळत नसंल तर मी गप बसंन. भिंतीशी बोलल्यागत हुतं, बायका हसत्यात. पर कळत आसंल, आन् मीच गप बसले, तर? पडल्या पडल्या ऐकत आसतील का हो, कोन काय काय बोलतंय ते?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन गेलो. सगळ्यांना खोलीबाहेर काढले. दार लावले, पंखा बंद केला, खाटेला धक्का लागणार नाही असे स्टूल ठेवले. वहीत तीन रकाने आखले. सुलट. उलट. आणि काही न बोलता. त्यांचे मनगट उशीवर ठेवले, म्हणजे बोट नीट दिसेल.

"मामा, मी आलो आहे. ऐकू येत असेल तर बोट हलवा."

मी विसापर्यंत मोजू लागलो. सतराला बोट हलले.

त्या क्षणी मला जे वाटले ते वहीत नाही. मी सतरा हा आकडा लिहिला आणि उलटी घेतली.

"मामा, आता बोट हलवू नका."

चौदाला हलले.

मग काहीच न बोलता मोजले. एकोणीसला हलले. बाहेरून ट्रॅक्टर गेला तेव्हाही हलले. ते वाचन मी बाद केले.

लागोपाठ तीन दुपारी मी हे केले. प्रश्न बदलले. आवाज बदलला. पहिल्या दुपारी मी विभागप्रमुखाच्या आवाजात बोललो होतो. तिसऱ्या दुपारी तसा बोलू शकलो नाही. एकदा त्यांच्या कानाशी वाकून मी मुद्दाम चुकीचे सांगितले, "मामा, ठिपका बसला, घेतो आकडा." हात वर येईल असे मला वाटले होते काय, याचे उत्तर मी देणार नाही. हात जागचा हलला नाही.

शेवटी तिन्ही रकाने समोर ठेवले. हलवा म्हटल्यावर जितक्या वेळा बोट हलले, तितक्याच वेळा हलवू नका म्हटल्यावरही हलले. काही न बोलता एक वेळ जास्तच. ठिपका दोन्ही वेळा एकाच अंगाला पळत होता. याचा अर्थ काय, हे ज्यांनी उभ्या जन्मात हजार मुलांना सांगितले, तेच माझ्यासमोर पडले होते.

यावर एक युक्तिवाद आहे. बोटावरून समजले नाही, एवढ्याने त्यांना कळत नाही असे ठरत नाही. बोट हे काट्याचे साधे मीटर असू शकते. आत काही वाहत असेल, आणि ते दाखवण्याइतके नाजूक साधन आमच्यापैकी कोणाकडे नसेल. मला तो युक्तिवाद पाठ आहे. त्यानुसार खरे उत्तर एकच होते, आणि तेच मी रकान्यांखाली लिहिले: आम्हाला कळले नाही.

दार वाजले. वहिनी आत आल्या. त्यांच्या हाताला पीठ लागलेले होते.

"काय आलं?"

मामाही प्रत्येक टेबलापाशी हेच विचारत. काय आलं? आलं ते लिव्हा.

मी वही मिटली.

"कळतं," मी म्हणालो.

"खरं?"

"हो."

"लगेच?"

"लगेच नाही. त्यांना वेळ लागतो. एक गोष्ट बोललात की विसापर्यंत मोजा. मग पुढची बोला."

त्या रडतील असे वाटले होते. रडल्या नाहीत. "विसापातुर," त्या म्हणाल्या, हात पदराला पुसले आणि मी बसलो होतो ते स्टूल ओढून घेतले. मी बाहेर आलो. बसथांब्यावर मला ती वर्ष गेलेली मुलगी आठवली. तिच्या वहीतले आकडे निदान सूत्रात बसत होते.

वहिनी बोलू लागल्या. मी आठवड्यातून दोनदा जात असे आणि पाहत असे. एक वाक्य, मग अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. वीस झाले की पुढचे वाक्य.

"मेथी आनली. भाजीवाली लई बोलकी, निम्मी सकाळ तिथंच गेली." वीस.

"पुतन्याला मी रागवले. ह्या खोलीत फोन आनायचा न्हाई म्हनलं." वीस.

"तुमचा तो तांब्याच्या तारेचा डबा घावला. मी म्हनत हुते उंदरानं न्येला, तर माळ्यावरच हुता. माझंच चुकलं. आता तरी हसा." वीस.

शेजारणी सुरुवातीला दारात थांबून पाहत. एकीने विचारले, "मामी, जप करता का काय?" वहिनींनी मान न वळवता सांगितले, "सरांनी तपासलंय. त्यास्नी कळतं. आत आलात तर नीट बोलायचं." त्यानंतर त्या खोलीत कोणी मांडवाची गोष्ट काढली नाही. माणसे आत येत, खाटेजवळ वाकत, आणि "मामा, मी आलोय" असे सांगून थांबत. पुतण्यासुद्धा. एकदा मी पाहिले, तो खाटेशी उभा राहून ओठ न हलवता मोजत होता.

हे सगळे माझ्या एका खोट्या वाचनावर उभे होते. ते काढून घेण्याचा कोणताही मार्ग मला दिसत नव्हता.

एके दिवशी वहिनींनी मला विचारले, "सर, आज दुपारपासनं बोट हललंच न्हाई. मी तीनदा वीस मोजलं. अजून थांबू?"

"थांबा," मी म्हणालो.

ते त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. सकाळची वेळ होती. मी पोहोचलो तेव्हा अंगणात मांडव घालून झाला होता, कापडाचाच. पांढऱ्या कपड्यांतली माणसे ओळीने उभी होती. त्रिशरण झाले, पंचशील झाले. फुले वाहून झाली. चौघांनी तिरडीला हात घातला.

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. वाकल्या आणि मामांच्या कानाशी काही बोलल्या. काय, ते कोणालाही ऐकू आले नाही. मग त्या सरळ झाल्या, आणि त्यांचा अंगठा पेरांवरून सरकू लागला.

"काकी, उशीर हुतोय," कोणी नातेवाईक म्हणाला. दुसऱ्याने पुतण्याकडे पाहिले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले.

माझा उजवा हात वर गेला होता. कोपरात वाकलेला, तळवा त्या चौघांकडे.

"थांबा," मी म्हणालो.

चौघांनी हात मागे घेतले. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. भरलेला असावा, कारण मांडवाचे खांब हलले. वहिनी मोजत होत्या. मीही मोजत होतो. वीस झाले. त्यांनी मामांच्या बोटाकडे पाहिले, मग एकदा माझ्याकडे, आणि अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर नेला.

मी हात खाली घेतला नाही.